कातडीचा प्रश्न हौसेचा नव्हे

महोदय,

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयी आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर अलीकडे बरेच लिहून आले. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि त्यानंतर काही महिन्यांत वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात विक्रीला आल्यापासून हा विषय आमच्यासारख्या लहान गावांतही बोलला जातो, हे खरेच आहे. मात्र वजन उतरल्यावर अंगावर जी सैल कातडी मागे राहते तिच्याबद्दल या लेखनात एक ओळही आढळली नाही. मधुमेह असलेल्या माणसासाठी तर तो प्रश्न अधिक नाजूक असतो, म्हणून स्वानुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

मी ५४ वर्षांचा असून मधुमेहाला १४ वर्षे झाली. अडीच वर्षांपूर्वी माझे वजन ११८ किलो होते. आहार, चालणे आणि बदललेली औषधे यांच्या जोरावर ते आज ७९ किलो आहे आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.४ वरून ६.७ वर आले आहे. डॉक्टर समाधानी आहेत. नातेवाईक मात्र बाजूला घेऊन ‘काही लपवत तर नाही ना?’ असे विचारतात, कारण साखरेच्या माणसाचे अंग उतरले की आपल्याकडे पहिली शंका वाईटच येते. त्यांना जे दिसत नाही ते सदऱ्याच्या आत आहे: पोटावरून जांघेपर्यंत लोंबणारी कातडीची घडी. वर्षानुवर्षे ताणल्या गेलेल्या त्वचेतील कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू एका मर्यादेपलीकडे पूर्ववत होत नाहीत. व्यायामाने खालचा स्नायू भरतो, वरची कातडी आखडत नाही, आणि तेल-मलमांवर मी खर्च केलेले पैसे वायाच गेले.

दिसण्याचे दुःख नाही असे म्हणणार नाही, पण खरा त्रास पावसाळ्यात कळतो. चिपळुणात जून ते सप्टेंबर कपडे नीट वाळत नाहीत, मग घडीखालची ओल कुठून वाळणार? तेथे बुरशी होते, कातडी सोलवटते, दुर्गंधी येते. पहिल्या वर्षी औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या मलमाने आठ दिवसांत आराम पडला आणि पंधरा दिवसांत दुप्पट चट्टे उठले. त्यात स्टिरॉइड मिसळलेले होते, हे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर समजले. गेल्या दीड वर्षात हा संसर्ग पाच वेळा उलटला आहे.

या पार्श्वभूमीवर प्लास्टिक सर्जनचा सल्ला घेतला तेव्हा त्यांनी दोन शस्त्रक्रियांमधील फरक समजावून सांगितला. एकीत लोंबणारी घडी तेवढी काढून टाकतात. दुसरीत त्याबरोबर पोटाचे सैल झालेले स्नायू शिवून घट्ट करतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. जाहिरातींत सर्रास दिसणाऱ्या लायपोसक्शनने चरबी निघते, कातडी निघत नाही. विमा कंपनीला या सगळ्या तपशिलाशी कर्तव्य नव्हते. ‘कॉस्मेटिक’ या एका शब्दावर माझा अर्ज परत आला.

विमा नियामकाने २०१९ मध्ये सर्व आरोग्य विम्यांसाठी एकसारखी करून दिलेली वगळण्याची कलमे मी मुद्दाम मिळवून वाचली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा त्याहून अधिक असेल, अथवा किमान ३५ असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर इतर अटी पूर्ण झाल्यावर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया मान्य होऊ शकते. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेच्या कलमात मात्र अपघात, भाजणे आणि कर्करोग यांखेरीज केवळ आरोग्याला ‘थेट आणि तातडीचा’ धोका असल्यास सवलत आहे, आणि तेही उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे लिहून दिल्यावर. वारंवार उलटणारी बुरशी थेट आहे. तातडीची ती तेव्हाच ठरणार की काय, जेव्हा मधुमेही माणसाच्या त्या जखमेत पू होऊन तो रुग्णालयात दाखल होईल? वजन उतरवण्याचा खर्च मान्य आणि त्याच उपचाराचा उरलेला भाग हौस, ही विभागणी मला तरी उमगलेली नाही. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या अधिसूचनेतही आरोग्यसेवेच्या करमाफीतून प्लास्टिक सर्जरी वगळताना जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा आणि आघात एवढेच अपवाद ठेवले आहेत. आजार हा शब्दच तेथे नाही.

‘कॉस्मेटिक’ या शब्दाचे दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते. शस्त्रक्रिया ‘सौंदर्याची’ म्हटली की रुग्णही ती पार्लरच्या वेळेसारखी ठरवतो आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवतसुद्धा नाही. एका मोठ्या शहरातील केंद्रात मी गेलो असता तेथील समुपदेशिकेने आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवली, मासिक हप्त्यांचा तक्ता दिला. मधुमेहाची औषधे कोणती चालू आहेत, हे शेवटपर्यंत विचारले नाही. वास्तविक ही जखम कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाते. साखर वाढलेली असेल तर संसर्गाशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असतात आणि टाके उसवण्याची, जखमेत पू होण्याची भीती वाढते. कातडीखाली पाणी साचणे आणि पायात रक्ताची गुठळी होणे या गुंतागुंती तर साखर नसलेल्यांनाही होतात.

औषधांची गोष्ट आणखी बारीक आहे. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी आज असंख्य मधुमेही घेतात. ती शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागते, अन्यथा रक्तात घातक आम्ल साठू शकते, आणि बोटाला टोचून पाहिलेली साखर जवळजवळ ठीक दिसत असल्यामुळे ते लवकर लक्षात येत नाही. वजन उतरवणाऱ्या साप्ताहिक इंजेक्शनांमुळे अन्न पोटात अधिक वेळ राहते, म्हणून भूलतज्ज्ञाला त्यांची आगाऊ कल्पना असणे आवश्यक असते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षे घेतल्यास बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. खाणेच आटलेले असते, त्यामुळे प्रथिनेही कमी पडतात आणि जखम भरायला तीच लागतात. तंबाखू, आणि आमच्याकडे बायकांची मिश्रीसुद्धा, काही आठवडे आधी पूर्ण सुटायला हवी. वजन किमान तीन ते सहा महिने एका जागी टिकलेले असावे, नाहीतर काढलेल्या कातडीच्या जागी पुन्हा नवी सैल पडते.

विमा नियामकाने त्या कलमात ‘वारंवार होणारा, औषधांना न जुमानणारा त्वचासंसर्ग’ असे स्पष्ट शब्द घालावेत, अशी माझी सूचना आहे. आपल्या दैनिकाकडून अपेक्षा अशी की, वजनाच्या औषधांवर पुढचा लेख छापताना एखाद्या प्लास्टिक सर्जनला आणि एखाद्या मधुमेहतज्ज्ञाला एकाच पानावर बोलते करावे.

माझा स्वतःचा निर्णय अर्धाच झाला आहे. घडी काढायची, स्नायूंना हात लावायचा नाही, आणि पावसाळा सरल्यावर रक्त पुन्हा तपासूनच तारीख घ्यायची, एवढे ठरले आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या दीड वर्षाच्या चिठ्ठ्या आणि छायाचित्रे जोडून विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे दाद मागितली आहे; महिन्याभरात उत्तर न आल्यास विमा लोकपालांकडे जाईन आणि तेथे जे काही होईल ते आपल्याला कळवीन.

— एक मधुमेही वाचक, चिपळूण