अण्णांच्या फोनविषयी, सातारच्या मित्रास

सांगली, रविवार

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला. अण्णांना सोसायटीच्या ग्रुपवर चलानाच्या नावाने चोरांची फाईल आली, त्यांनी तुला विचारलं आणि तू त्यांच्यावरच ओरडलास, हे कळलं. फोनच केला असता, पण तू मधेच तोडतोस आणि मुद्दा बाजूला राहतो, म्हणून सगळं लिहूनच काढतो.

आधी भांडण. अण्णांवर ओरडलास ते मला अजिबात पटलं नाही. "जन्मभर मास्तरकी केली आणि एवढं कळत नाही?" असं वडिलांना सुनावतात होय रे? पैसे वाचले ते त्यांनी फाईल उघडायच्या आधी तुला विचारलं म्हणून. आता पुढच्या वेळी विचारतील का? इथे मार्केट यार्डात मी हेच बघतो. हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, खात्यावर जमा होते, चार दिवसांत कुणीतरी ती उडवतो आणि माणूस घरी कळू नये म्हणून गप्प बसतो. तो गप्प असेपर्यंत पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरून कुठल्यातरी एटीएममधून निघालेले असतात. चोरापेक्षा त्या लाजेनेच जास्त नुकसान होतं, असं माझं मत आहे.

आता ती फाईल. नाव 'आरटीओ चलान', आणि शेवटी डॉट एपीके. एपीके म्हणजे पावती नव्हे, फोटो नव्हे, ते आख्खं अ‍ॅप असतं. टाकलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण सवयीने 'अलाऊ' दाबून मोकळे होतो, आणि बँकेचा ओटीपी आला रे आला की परस्पर तिकडे जातो. वर तीच फाईल आपल्या नंबरवरून सगळ्या ग्रुपांत पसरते. सोसायटीच्या ग्रुपवर ज्याच्या नावाने ती आली त्याला तू शिव्या घातल्यास, पण त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. ओळखीचा नंबर म्हणजे खात्रीचा, हे आता विसर. खरं चलान अ‍ॅप होऊन येत नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर आपण होऊन जायचं, गाडीचा नंबर टाकायचा, दंड असेल तर दिसतो. आणि अण्णांची लूना दिवाळीपासून गोठ्याला टेकून उभी आहे, तिला कोण कशाला दंड करेल!

तू पाठवलेली दुसरी लिंकही बघितली. सुरुवातीला 'परिवहन डॉट गव्ह डॉट इन' दिसलं म्हणून तू ती खरी धरलीस. पत्ता उलटा वाचायचा असतो. 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन जोड रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोध आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघ. तिथे 'डॉट टॉप' आहे आणि त्याच्या आधी कुठलंतरी भलतंच नाव. खरा मालक तो. दारावर कलेक्टरसाहेबांची पाटी लावली म्हणून घर कलेक्टरांचं होत नाही. बँकांपुरतं हे आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर यायला सांगितलं होतं, तेव्हा शेवट तोच आहे का तेवढं बघायचं.

पण खरं सांगू? या खुणांवर माझा फारसा भरवसा नाही. पूर्वी मोडकंतोडकं मराठी दिसलं की शंका यायची. हल्ली चोरांचे मेसेज सरकारी परिपत्रकांपेक्षा शुद्ध असतात. म्हणून मी खरं-खोटं ठरवत बसतच नाही. मेसेजने दाखवलेल्या वाटेने जायचंच नाही, आपली वाट आपण धरायची. "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या अधिकाऱ्याला फोन करा" असं आलं, तर त्या नंबरला हात लावायचा नाही, बिल महावितरणच्या अ‍ॅपवर नाहीतर भरणा केंद्रात जाऊन बघायचं. बँकेचं काही असेल तर कार्डाच्या पाठीवरचा नंबर लावायचा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही, हे अण्णांना एकदा नीट समजाव. आणि व्हिडिओ कॉलवर कुणी खाकीतला 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे कॉलवरच अटक झाली, असं म्हणाला तर सरळ कट करायचा, अशी अटक कायद्यात नाहीच.

एवढं करूनही कधी बोट चुकीच्या जागी पडलंच, तर आधी फोन फ्लाइट मोडवर, वायफायही बंद. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, कळवायचं. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं: ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले गेले, कळवल्यानंतर जातील ते बँकेच्या माथी. म्हणजे आधी घरात वाद, मग बँक, असं चालत नाही.

पेन्शनच्या खात्यावरून यूपीआय काढून टाक. दुसरं एक खातं उघडून त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेव, दुकानात तेच वापरू देत. आणि १९३० अण्णांच्या फोनमध्ये सेव्ह करून भागणार नाही, नेमका तोच फोन बंद ठेवायची वेळ येईल. काकूंच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मोठा लिहून ठेव.

अण्णांना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पम्या