टर्बो गाडीत चुकीचे ऑइल भरल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : चुकीच्या ग्रेडचे ऑइल भरून, ऑइल प्रेशर न मोजताच गाडी परत दिल्याबाबत.

महोदय,

तुमच्या जळगावच्या अधिकृत केंद्रात सर्व्हिस झाल्यापासून माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचे इंजिन तापले की आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढून वर गाडी उभी केली की हमखास. रेस दिली की विझतो, सोडली की पुन्हा लागतो. केंद्रात मात्र गाडी थंड झाल्यावरच बघतात, तेव्हा दिसणार काय?

आधी डिपस्टिक दाखवून ‘ऑइल फुल आहे’ असे सांगितले. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल किती आहे ते डिपस्टिकवर कळते. बेअरिंगपर्यंत ते किती दाबाने पोहोचते ते कळत नाही. मग प्रेशर स्विच बदलला, त्याचे पैसे घेतले आणि जॉबकार्डवर ‘तक्रार निकाली’ लिहून मोकळे झाले. दिवा आता कमी वेळा लागतो, पण लागतो. शिवाय हा स्विच प्रेशर साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुना ठोकताळा धरला, तर सहा हजारांवर ६० पीएसआय, म्हणजे चार बार तरी हवेत. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही याच ऑइलच्या थरावर. तिथे दिवा विझलेला असून काय उपयोग?

खरी गोम बिलात आहे. मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड ५डब्ल्यू-४० लिहिला आहे, बिलावर ०डब्ल्यू-२०. यातला शेवटचा आकडा तापलेल्या ऑइलचा दाटपणा सांगतो. शंभर अंशांना २० ग्रेडचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ४० चा १२.५ ते १६.३. पातळ ऑइल बेअरिंगच्या फटीतून लवकर निसटते आणि प्रेशर पडते. ‘हल्ली सगळीकडे पातळच चालते, मायलेज वाढते,’ असे सल्लागार म्हणाले. ज्या इंजिनासाठी ते ठरवले आहे त्यात चालत असेल. माझी गाडी भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात हायवेवर पळते.

तरी इंजिन पूर्ण तापवून, मेकॅनिकल गेज लावून आयडलिंगचे आणि तीन हजार आरपीएमचे प्रेशर माझ्यासमोर मोजावे व सही-शिक्क्यासह लेखी द्यावे. चेंबर उतरवून ऑइल गाळणारी जाळी बघावी, जुना फिल्टर कापून धातूचा कीस आहे का ते दाखवावे. योग्य ऑइल विनाशुल्क भरावे, स्विचचे पैसे परत करावेत. बेअरिंग किंवा टर्बो झिजलेले निघाल्यास दुरुस्ती तुमच्या खर्चाने व्हावी. तोवर गाडी मी चालवणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. बिल, जॉबकार्ड आणि मॅन्युअलच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक, चाळीसगाव