‘घाबरं होतंय’ म्हणजे काय

वडगाव, बेळगाव
१२ जानेवारी

प्रिय शालन,

तुझं पत्र परवा मिळालं. “डॉक्टर ॲसिडिटी म्हणतात, पण माझं मन घेत नाही,” हे तुझं वाक्य काही डोक्यातून जाईना. खाली तू विचारलंस, एवढ्या शिकलेल्या माणसापुढे मनाला वाटतं ते कुठल्या तोंडानं सांगू? सांगायचं गं. मी सांगितलं नव्हतं, आणि ते मला फार महागात पडणार होतं.

स्टेंट बसवला एवढंच तुला फोनवर कळवलं होतं. त्याआधीचे तीन आठवडे कुणालाच सांगितले नाहीत, आज तुला सांगते.

गणपतीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. आमच्या शाळेचा जिना २२ पायऱ्यांचा. वीस वर्षं वह्यांचा गठ्ठा कडेवर मारून मी तो चढत आले. त्या दिवशी बाराव्या पायरीवर कठडा धरून उभी राहिले. छातीत दुखत नव्हतं. डावीकडे जबड्याखाली आवळल्यासारखं झालं आणि जीव घाबरा झाला. पोरं बाजूनं धडधडत वर गेली. चारेक मिनिटांत सगळं निवळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिथंच. चौथ्या दिवशी दवाखाना गाठला.

सिस्टर कानडी, चांगली मुलगी होती. काय होतंय म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, “घाबरं होतंय.” ती म्हणाली, “गाबरि आगतैतेन्री?” मी मान डोलावली. जन्म इथं गेला, बाजारापुरतं कानडी बोलते, तरी तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. कानडीत गाबरि म्हणजे धास्ती, भीती. आपल्या घाबरं होण्यात जीव कासावीस होणं, गुदमरणं, घाम फुटणं सगळं येतं. तिनं विचारलं ते भीतीबद्दल, मी हो म्हटलं ते श्वासाबद्दल. केस पेपरवर ‘ॲंग्झायटी’ लिहिलं गेलं आणि तो कागद माझ्या आधी डॉक्टरांच्या टेबलावर पोचला.

त्यांनी विचारलं, घरात काही टेन्शन? धाकटीचं लग्न मोडलं होतं तेव्हा नुकतंच. मी हो म्हटलं. ईसीजीची पट्टी चांगली आली. पाळी जायचं वय आहे बाई, असं होतं म्हणाले आणि शांत झोपेची गोळी लिहून दिली. बाहेर चाळीस माणसं खोळंबली होती. त्यांनी समोरच्या कागदावरून निदान केलं, त्यांना मी फार दोष देत नाही. पण खुर्चीतून उठताना आतून अगदी स्वच्छ वाटत होतं की हे ते नव्हे. आणि तरी मी “बरं सर” म्हणून बाहेर आले. त्याचा राग अजून जात नाही.

गोळीनं झोप लागायची. पायरी मात्र सुटेना.

आता तू म्हणशील, मनाचं सगळंच कुठं खरं असतं? नसतंच. शेजारच्या काकू मेंदूच्या गाठीनं गेल्या त्या वर्षी मलाही खात्री होती की माझं डोकं त्याचमुळे दुखतंय. चष्म्याचा नंबर निघाला. नंतर मी त्या दोन्ही वेळा पुष्कळदा आठवून बघितल्या. काकू गेल्यावरची ती भीती बाहेरून आली होती. आज डोक्यात, उद्या मानेत, आणि टीव्हीसमोर बसले की विसरायला व्हायचं. ह्या वेळी मला मरणाचं काही सुचतच नव्हतं. फक्त काल जमत होतं ते आज जमत नव्हतं.

मग वहीत लिहायला लागले. कधी झालं, काय करताना, किती वेळ, कशानं थांबलं. पंधरा दिवसांत मलाच दिसलं की लग्नाच्या बोलण्यावरून घरात रडारड झाली त्या रात्री काही झालं नव्हतं. झालं ते जिन्यावर, पाण्याची घागर उचलताना, आणि अनगोळच्या चढाला. ती वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तेही कानडीच, मराठी मोडकंतोडकं. बसल्याबसल्या आधी म्हटलं, “सर, माझं दोन मिनिटं ऐकून घ्या. मला भीती वाटत नाही, दम लागतो. पूर्वी २२ पायऱ्या चढायची, आता बारा. बसलं की जातं. आणि नऊ वर्षं शुगर आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बसलं की जातं?” पुन्हा विचारलं. ट्रेडमिलवर चालवलं आणि तिसऱ्याच मिनिटाला थांबवलं. अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी ९० टक्के बंद निघाली. त्यांनीच समजावून सांगितलं, निजून काढलेली पट्टी चांगली येऊ शकते, कारण तेव्हा हृदयाला रक्त कमीच लागतं. बायकांत आणि शुगर असलेल्यांत छातीत कळ न येता नुसता दम, मळमळ, जबडा दुखणं, एवढ्यावरही भागतं. “अक्का, हे पहिल्यांदाच का नाही सांगितलं?” ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझी भाची इंग्लंडात नर्स आहे. तिनं सांगितलं, तिथं २०२१ मध्ये मार्था मिल्स नावाची १३ वर्षांची मुलगी गेली. आईबाप सांगत होते की पोरीची तब्येत ढासळतेय, पण त्यांचं मनावर घेतलं गेलं नाही. त्या आईनं पाठपुरावा केला आणि २०२४ पासून तिथल्या इस्पितळांत ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला. घरच्यांना वाटलं तर ते दुसऱ्या टीमकडून तातडीनं बघून घ्या म्हणू शकतात. आपल्याकडे असं काही होईल तेव्हा होईल, तोवर आपलं तोंडच आहे.

आता तुझं. दोन महिने पोट फुगतंय, अर्ध्या भाकरीत पोट भरतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, आणि वय ५२. ह्यातलं डॉक्टरांना तू नक्की काय काय सांगितलंस? तुझ्या पत्रावरून वाटतं, “पोटात गॅस होतो” एवढंच. लघवीचं सांगायला लाजलीस ना? हे सगळं एकत्र, रोजच्या रोज होत असेल तर अंडाशयाचीही तपासणी व्हायला हवी. बहुतेक वेळा साधंच काही निघतं, पण सोनोग्राफी करून बघायचं असतं. मी डॉक्टर नाही, म्हणून तू त्यांनाच विचार: “हे ॲसिडिटीच आहे असं कशावरून वाटतं? आणखी काय असू शकतं? गोळ्यांनी किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढं काय?” भांडल्यासारखं नको, काळजीनं विचार. सोनोग्राफीची गरज नाही म्हणाले तर कारणासकट केस पेपरवर लिहून द्या म्हण. आणि जुने कागद माग. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात.

आपल्या भाषेतच बोल. शब्द अडला तर हात लावून दाखव. पण ‘कसंतरी होतंय’ म्हणू नकोस, कसंतरीचं औषध नसतं त्यांच्याकडे.

सोमवारी सकाळच्या खानापूर गाडीनं ये. मी रजा टाकलीय. स्टँडवर उभी असेन, तिथून रिक्षानं जाऊ आणि मी आत तुझ्याशेजारी बसेन. येईपर्यंत रोज जेवल्यावर वहीत लिही, किती खाल्लं आणि पुढं काय झालं. रात्री इथंच राहा. मसूरची आमटी करते, तुला सोसेल तेवढी खा.

तुझी,
सुलू