कार्यशाळेतून गोधडी नको, नमुने आण

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुढच्या उन्हाळ्यात इकडे अमेरिकेत येऊन आर्ट क्विल्टची, म्हणजे भिंतीवर लावायच्या कलात्मक गोधडीची, कार्यशाळा करायचं ठरवलंस, फार छान वाटलं. पाच दिवसांत भिंतीवर लावण्याजोगी गोधडी पुरी होईल का, असं विचारलंयस. होत नाही, आणि तू तिच्या मागे लागूही नकोस. गोधडी घरी कधीही पुरी करता येते, पण चुकलं की लगेच दाखवणारं माणूस पाचच दिवस शेजारी असतं. तिथून नमुने आण. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी टाचून ठेव: कापड कोणतं, रंग किती ग्रॅम, सुई कितीची, काय बिघडलं. बिघडलेल्या नमुन्यावरची चिठ्ठी तर सगळ्यात आधी लिही.

वर्ग एकाच विषयाचा घे. रंगाई, हातानं कापून जोडकाम, मशीनची शिलाई, नमदा (लोकर ओली करून, लाटून जमवलेलं जाड कापड), सगळ्याची थोडी थोडी ओळख करून देणाऱ्या वर्गातून हाताला काहीच लागत नाही. सामानाची यादी आधी मागव. त्यात ठरावीक मापाचे कापलेले तुकडे मागितले असतील, तर शेवटी सगळ्यांची गोधडी एकसारखीच दिसणार. या कलेत आज काय चाललंय ते बघायचं असेल, तर ओहायोतल्या अथेन्स गावच्या 'क्विल्ट नॅशनल' प्रदर्शनातली कामं शोधून बघ. 1979 साली गाईंच्या एका जुन्या गोठ्यात ते सुरू झालं, आणि दोन वर्षांनी एकदा भरतं. रंग बघून झाले की शिवणीची रेष कुठून कुठे जाते तेही नीट बघ.

माझं मत विचारशील तर पहिला वर्ग रंगाईचा कर. सुती कापडाला प्रोसियन एमएक्स जातीचे रंग लागतात. ते गार पाण्यात बसतात, उकळावं लागत नाही. कापड खळ नसलेलं हवं. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ती गरम पाण्यात साबणानं धुऊन काढली नाही तर रंग ठिपक्याठिपक्यांनी धरतो. एक लिटर पाण्यात साधारण 60 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात कापड 15 ते 20 मिनिटं भिजवायचं आणि पिळून घ्यायचं. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, तो फार सौम्य पडतो.

आता एका रंगाच्या सहा छटा करू. 200 मिली कोमट पाण्यात 4 ग्रॅम रंग कालव. त्यातलं 100 मिली पहिल्या भांड्यात ठेव. उरलेल्या 100 मिलीत तेवढंच पाणी घाल, त्यातलं अर्धं दुसऱ्या भांड्यात ठेव, उरलेल्यात पुन्हा तेवढंच पाणी. असं सहाव्या भांड्यापर्यंत करत जा, शेवटचं 100 मिली टाकून दे. प्रत्येक भांड्यात सोड्यातून पिळलेला 50 ग्रॅमचा तुकडा चुरगळून दाब. (वजन कोरड्या कापडाचं धर.) पहिल्या भांड्यात कापडाच्या वजनाच्या 4 टक्के रंग पडतो, पुढे दर वेळी निम्मा. झाकण लावून 12 ते 24 तास ठेव. खोली 21 अंशांपेक्षा गार असेल तर रंग नीट बसत नाही, आणि फिरोजी रंगाला तर ऊबही जास्त लागते आणि वेळही.

धुताना घाई केलीस तर सगळ्यावर पाणी फिरतं. आधी गार पाण्यानं सोडा आणि सुटा रंग काढायचा, मग 60 अंशांच्या वर गरम पाण्यात साबण घालून धुवायचं. पहिल्यांदाच गरम पाणी ओतलं तर उरलेल्या सोड्याच्या जोरावर सुटा रंग भलत्या जागी जाऊन बसतो, आणि पांढरं राखलेलं मळकट होतं. जांभळ्याच्या कडेला लाल आणि निळं वेगळं झालेलं दिसलं तर घाबरू नकोस. लाल लवकर धरतो, निळा पुढे सरकतो. पुष्कळदा तेच सगळ्यात सुंदर दिसतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. पूड मोजताना धुळीचा मास्क लावल्याशिवाय डबा उघडू नकोस. ही पूड श्वासातून गेली की पुढे कायमची अ‍ॅलर्जी आणि दमा लागू शकतो. रंगाचे चमचे, वाट्या स्वयंपाकघरात परत न्यायच्या नाहीत.

जोडकामात पट्टी न धरता वळणं कापायला शिकवतात. दोन्ही कापडं सुलटी वर ठेवून एकमेकांवर आठ-दहा सेंटिमीटर चढवायची आणि त्या चढवलेल्या भागातून रोटरी कटरनं (फिरत्या गोल पात्याच्या सुरीनं) एकच संथ वळण काढायचं. कडेच्या कपच्या काढल्या की दोन तुकडे तंतोतंत शेजारी बसतात. तसे असतानाच जोडावर आडव्या खडूच्या खुणा कर, दर सात-आठ सेंटिमीटरवर एक. मग सुलट्यावर सुलटं ठेवलंस की कडा उलट दिशांना पळताना दिसतील. बिचकू नकोस, खुणेला खूण जुळव आणि कडेपासून 6 मिमी मार्जिन सोडून हळूहळू शिव. चुणी पडली तर बहुधा मार्जिन जास्त घेतलेलं असतं, नाहीतर वळण फार खोल असतं. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची. वळणाची कड उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी, असते, घासली की ताणते, आणि मग भिंतीवर सगळ्या कामाला झोळ येतो.

कापड मोजताना शिवणी विसरू नकोस. 5 सेंटिमीटरच्या 12 पट्ट्या 60 भरतात, पण 11 शिवणी प्रत्येकी 12 मिमी खातात (दोन्ही कडांचे 6-6), म्हणजे हातात 46.8 सेंटिमीटरच येतं. तुकडे शिवण्याआधी फ्लॅनेल लावलेल्या भिंतीवर चिकटवून तीन मीटर मागे जाऊन बघ. फोनवर काळा-पांढरा फोटो काढ, गडद-फिकं सपाट झालंय का ते लगेच कळतं.

मशीनवर मोकळ्या हातानं धावदोऱ्यासारखी रेघ काढताना कापड पुढे सरकवणारे मशीनचे दात खाली करायचे, 90/14 ची टॉपस्टिच सुई लावायची. मागच्या बाजूला वळणावळणावर दोऱ्याचे पापणीसारखे बारीक फास दिसले तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) सैल आहे किंवा वळणावर हात सुईपेक्षा जोरात पळतोय. टेन्शनला हात लावण्याआधी फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर करून दोरा पुन्हा ओवून बघ. फूट खाली असताना ओवला तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये शिरतच नाही.

नमद्याचा वर्ग घेतलास तर लोकर निवडताना 'सुपरवॉश' टाळ. तिचे खवले घालवलेले किंवा झाकलेले असतात, त्यामुळे कितीही लाटली तरी ती जमत नाही. तुकडा साधारण एक तृतीयांश आटेल असं धर, म्हणजे 30 सेंटिमीटर हवा असेल तर 45 चा पसर. चिमटीत धरून उचलल्यावर सुटे तंतू वर आले तर अजून लाटायचं आहे.

तिकडची मशीन उचलून आणू नकोस. ती 230 व्होल्टची, इथे 120 व्होल्ट. कार्यशाळेत मशीन मिळते का, ते नाव घालतानाच विचार. रोटरी कटर आणि कात्री हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, मोठ्या सामानात टाक. रंग इथेच घेता येतील. आणि नावं लिहायला न पुसणारं पेन आण. सोड्याच्या पाण्यात साध्या पेनाची शाई धुऊन जाते, आणि कुठला तुकडा कुठल्या भांड्यातला ते मग सांगता येत नाही.

यादी आली की मला पाठव. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या