बीटल्सच्या आधीचं खोकं

महोदय,
ब्रिटिश तरुणांची संगीतक्रांती म्हटली की सगळे थेट बीटल्सवर उडी मारतात. खरी सुरुवात चहाच्या रिकाम्या खोक्यापासून. १९५६ मध्ये गायक लॉनी डॉनेगनने स्किफलचं, म्हणजे घरगुती वाद्यांवर वाजवायच्या लोकसंगीताचं, वेड लावलं. त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये जॉन लेननने ‘क्वॉरीमेन’ हा स्किफल-चमू जमवला, त्यातूनच पुढे बीटल्स झाले. बास (खर्जाचं तंतुवाद्य) घरगुती: प्लायवुडचं खोकं उपडं घालायचं, मधोमध भोक पाडून दोरी ओवायची, आतून वॉशर लावून गाठ, दुसरं टोक झाडूच्या दांड्याला. दांडा खोक्याच्या काठावर टेकवून मागे ताणला की सूर चढतो. वॉशर नसेल तर गाठ पातळ प्लायवुड फाडून निसटते. खोकं जमिनीला सपाट टेकलं तर आवाज कोंडतो. एक कड जरा उचललेली हवी. तालाला कपडे घासायचा पत्रा आणि बोटांत शिंप्याची अंगुस्तानं. गिटार तेवढी विकतची. (अन् चहाची ती खोकी बरीचशी भारत-सिलोनचीच!)

– एक वाचक, पुणे