परराज्यातून कर्जावर बोट घेताना एमसीओ सांभाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेत दुसऱ्या राज्यातल्या डीलरकडून कर्ज काढून नवी बोट घेतली की नोंदणी अडते ती बहुधा एका कागदापायी. मॅन्युफॅक्चरर्स सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजेच एमसीओ. हा कागद कारखान्याकडून डीलरकडे येतो, डीलर मागच्या बाजूला सही करून तो ग्राहकाच्या नावे करतो. बोटीला टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, देणारी राज्ये तो जमा केल्यावरच टायटल देतात, आणि सातबाऱ्यावर चढावा तसा बँकेचा बोजा त्या टायटलवर चढतो.

गोम अशी की शोरूममधल्या बोटीवर डीलरने स्वतःही कर्ज घेतलेले असू शकते. ते फिटेपर्यंत एमसीओ त्याच्या सावकाराकडे. आपल्या बँकेचे पैसे डीलरच्या खात्यात पडले तरी त्याने स्वतःची देणी चुकवल्याशिवाय कागद हलत नाही. इकडे हप्ते सुरू, बोट दारात, आणि तात्पुरती नोंदणी संघीय नियमानुसार फार तर 60 दिवसांची. फ्लोरिडासारख्या राज्यात तर अर्ज 30 दिवसांत करावा लागतो. म्हणून बँकेने रक्कम सोडण्याआधीच डीलरकडून लेखी घ्यावे: एमसीओ आज कोणाकडे आहे, तो बँकेकडे जाणार की थेट आपल्या राज्याच्या कार्यालयाकडे, आणि किती दिवसांत. डीलरने ‘मदत’ म्हणून स्वतःच्या राज्याचे टायटल काढून देऊ नये, हेही बजावावे. नाहीतर एकाच बोटीसाठी दोनदा कागद करावे लागतात.

एमसीओवर खाडाखोड झाली तर कार्यालय तो परत पाठवते. खरेदीदाराचे नाव बिल, कर्जाचा करार आणि एमसीओ या तिन्हींवर अक्षरशः सारखे हवे. मधले नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर, एवढ्यावरही अर्ज लटकतो. बोटीच्या मागच्या फळीवर, उजव्या अंगाला वरच्या कडेजवळ 12 अक्षरी हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, असतो. तो कागदांशी स्वतः ताडून पाहावा. त्यातल्या चौथ्या ते आठव्या जागेवर आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे नियमानेच वर्ज्य आहेत. तिथे गोल दिसले तर ते शून्यच, पण टाइप करणारा हमखास ‘ओ’ मारतो.

विक्रीकर साधारणपणे बोट जिथे वापरायची त्या राज्यात भरायचा असतो. डीलरने त्याच्या राज्याचा कर घेतलाच, तर बिलावर तो वेगळा दाखवून घ्यावा. बऱ्याच ठिकाणी वजावट मिळते, पण पुरावा लागतो. ट्रेलरचे कागद वेगळे, त्याचा नंबर वेगळा. टेक्सासात आउटबोर्ड मोटारीचेही टायटल स्वतंत्र.

मोठ्या बोटींसाठी बँक कधी कधी राज्याच्या टायटलऐवजी कोस्ट गार्डचे (तटरक्षक दलाचे) डॉक्युमेंटेशन, म्हणजे संघीय नोंदणी, मागते. त्याला किमान 5 नेट टन माप (वजनाचे नव्हे, आतल्या जागेचे) लागते आणि मालक अमेरिकी नागरिकच असावा लागतो. ग्रीन कार्ड किंवा एच-1बीवाल्यांनी कर्ज मंजूर करून घेण्याआधीच ही अट बँकेपुढे मांडावी. डॉक्युमेंटेशन झाले तरी फ्लोरिडात राज्याची नोंदणी लागतेच, फक्त बोटीच्या पुढच्या भागावर राज्याचा नंबर रंगवायचा नसतो. आणि डॉक्युमेंटेशनच्या नूतनीकरणाची सरकारी भासणारी पत्रे खाजगी कंपन्याही धाडतात. हौशी बोटीची खरी फी वर्षाला 26 डॉलर आहे.

राज्याचा नंबर मिळाला की तो बोटीच्या पुढच्या भागाच्या दोन्ही बाजूंना, किमान 3 इंच उंचीच्या ठळक अक्षरांत, बोटीच्या रंगावर उठून दिसेल असा लावावा. अक्षरे आणि आकडे यांच्यामध्ये एका अक्षराएवढी मोकळी जागा किंवा आडवी रेघ हवी. सलग चिकटवलेला नंबर नियमात बसत नाही.

आपला,
एक वाचक