खंड्यासुद्धा दाखवणाऱ्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

हे तोंडावर बोलले असते तर ‘हें किदें गो बाये?’ म्हणत तुम्ही विषय उडवून लावला असता. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते. आता उडवा!

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अख्खा पावसाळा खाटेवर गेला, मग घरातल्या घरात वॉकर. डॉक्टरांनी ‘आता बाहेर फिरा’ म्हटलं तरी माझा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. घरचे समजावून थकले. तुम्ही समजावलं नाहीत. ‘करमळीच्या तळ्यावर अडई बदकं उतरलीत, येतेस?’ एवढंच विचारलंत. जन्मभर कदंबची बस हाकलेला माणूस. सगळे खड्डे असे चुकवलेत की हाडाला एक धक्का लागला नाही.

बांधावर पोचलो आणि अडयांचा थवा शीळ घालत उठला, गिरकी मारून परत पाण्यावर टेकला. तुम्ही थांबलात. थोडं पुढे जांभळी पाणकोंबडी दिसली, पुन्हा थांबलात. लव्हाळ्याचा दांडा चोचीने उपटून, तो लाल पायाच्या लांबलचक बोटांत धरून ती आतला कोवळा गाभा सोलून खात होती. कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली तरी बाईसाहेबांनी मान वर केली नाही. मग कमळपक्षी. त्याची ती डौलदार शेपटी हिवाळ्यात नसतेच, हे तुमच्याकडूनच कळलं. अंडी उबवायची, पिल्लं सांभाळायची ती नरानेच. मादी अंडी घालून मोकळी. (यावर तुम्ही काय म्हणालात ते इथे लिहीत नाही, काकी वाचतील.) तळ्याचं पाणी वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या शेतीला सोडतात, म्हणून उन्हाळ्याकडे ते उतरत जातं आणि चिखलात बगळे, शेकाटे गोळा होतात, हेही तिथेच उभं राहून सांगितलंत.

पण तारेवरचा साधा खंड्या तुम्ही इतका वेळ दाखवत बसलात, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोव्यात वाढलेल्या बाईला खंड्या दाखवतात होय? प्रत्येक पक्ष्यामागे माझ्या पायाला विसावा होता. ‘दमलीस का?’ असं एकदाही विचारलं नाहीत, हात धरायला पुढे आला नाहीत, फक्त अर्धं पाऊल मागे राहिलात. आजारपणात मला कीव पुष्कळ मिळाली, काका. असं कुणी चाललं नव्हतं बरोबर.

परतताना हॉटेलात पातळ भाजी-पाव मी दोनदा मागवला, तो मात्र निव्वळ भुकेने.

तुमची दुर्बीण माझ्याकडेच आहे आणि इतक्यात मिळणार नाही. चोडणच्या सालिम अली अभयारण्यात न्यायचं कबूल केलंय तुम्ही. ओहोटी कधी आहे ते बघून ठेवा, डबा मी आणते.

तुमची,
शेजारीण